पंधरावं नाव

डिसेंबरातल्या शेवटच्या परीक्षेच्या दिवशी कॉलेजच्या दारात अंडी घेऊन उभी असलेली माणसं बघितली की झुलेमा लेदेस्मा नजर चुकवायची. बाकीच्यांना मजा वाटायची. पोरगा शेवटचा विषय देऊन बाहेर आला रे आला की घरचे त्याला अंड्यांनी हाणणार, वरून पीठ ओतणार, मोहरीची चटणी फासणार आणि त्याच अवतारात गाडीच्या टपावर बसवून शहरभर मिरवणार. इथे इंजिनिअर व्हायचं ते असंच. समोरचा दुकानदार तर डिसेंबरासाठी शिळी अंडी मुद्दाम साठवून ठेवायचा, मेला. दुसऱ्या दिवशी फुटपाथ घासावा लागायचा झाडूवाल्या बायकांना, त्याचं कोणाला सोयरसुतक नव्हतं. पण झुलेमा नजर चुकवायची ती त्यासाठी नव्हे.

तेहेतीस वर्षं ती त्या कॉलेजात शिपाई होती. वर्ग उघडायचे, हजेरीचे कागद फिरवायचे, परीक्षेच्या दिवशी यादी घेऊन दारात उभं राहायचं आणि एकेकाचं नाव पुकारून आत सोडायचं. पोरं तिला मावशी म्हणायची. कोण कुठल्या विषयात किती वेळा आपटलाय हे तिला मास्तरांपेक्षा जास्त ठाऊक असायचं.

अकरा वर्षांपूर्वी असाच एक बाप अंडी घेऊन तिच्या चौकशीच्या खिडकीशी आला होता. "आमची यानिना किती वाजता सुटेल हो?" झुलेमानं यादी वरपासून खालपर्यंत बघितली आणि साध्या मनानं सांगून टाकलं, "या नावाचं कोणी नाही हो यादीत. मागच्या वर्षीही नव्हतं." यानिना चार पावलांवर खांबाआड उभी होती. तिनं ते ऐकलं. पुढचं झुलेमानं तिसऱ्या दिवशी पेपरात वाचलं, आणि तो पेपर तिनं अजून फेकलेला नाही.

तेव्हापासून तिनं स्वतःला एक नियम घालून घेतला. यादीत काय आहे ते ज्याचं त्याला सांगायचं, दुसऱ्या कोणाला नाही. आई येवो, बाप येवो, खुद्द बिशप येवो.

कॉलेजनंही तेव्हा हातपाय हलवले होते, नाही असं नाही. जिन्याखालची खोली रिकामी केली, दोन खुर्च्या टाकल्या आणि पामेला ओविएदो नावाची मानसोपचारतज्ज्ञ आणून बसवली. नऊ हजार पोरांना ती एकटी, तीही सोमवार ते बुधवार. भिंतीवर पोस्टर लागलं, 'तू एकटा नाहीस', आणि खाली फोन नंबर, सकाळी नऊ ते एक. म्हणजे मरावंसं वाटायचं ते ऑफिसच्या वेळेत वाटलं पाहिजे. पामेलानं एकदा सगळ्या शिपायांना आणि कारकुनांना तासभर शिकवलं होतं. निम्मे पेंगत होते. पण तिचं एक सांगणं झुलेमाच्या डोक्यात पक्कं बसलं. कोणाबद्दल शंका आली तर आडून विचारू नका, सरळ विचारा, मरायचा विचार येतो का म्हणून. विचारल्यानं कोणाच्या डोक्यात तो भरत नाही, उलट ओझं हलकं होतं.

मग या डिसेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी दहाला दारात पाच माणसं होती. चाको प्रांतातल्या पोसो केब्राचो गावाहून नऊ तास पिकअप हाकत आलेली. बाप ओस्वाल्दो आल्तामिरानो, कापसाच्या सहकारी जिनिंगमधला मेकॅनिक, इतक्या लांबून येऊनही शर्टाची इस्त्री न मोडलेला. आई मिर्ता. सतरा वर्षांची मुलगी रोसीओ. आणि ओस्वाल्दोचे दोन भाऊ, ते सकाळपासूनच बिअरवर होते. बरोबर अंड्यांचे तीन ट्रे, पिठाची पिशवी आणि एक पांढरी चादर. चादरीवर लाल रंगात लिहिलं होतं: 'इंजिनिअर उलिसेस आल्तामिरानो'.

"बाई, आमचा मुलगा नऊला आत गेलाय," ओस्वाल्दो म्हणाला. "शेवटचा विषय आहे. किती वेळ पिळतात हो हे मास्तर लोक?"

"ते माणसागणिक असतं," झुलेमा म्हणाली.

"आमच्याकडे तीस वर्षं असं चाललंय बघा. मशीन मी खोलतो, मी जोडतो, मग शहरातून एक टायवाला येतो, बोटसुद्धा न लावता सही ठोकतो नि जातो. का, तर तो इंजिनिअर. आता म्हणावं, ये बाबा, आमच्या घरचीच सही आहे."

"त्या टायवाल्यालाच आधी अंडं हाणू," एक भाऊ म्हणाला.

"तुझा नेम माहितीय," दुसरा म्हणाला. "लग्नात नवरानवरीला तांदूळ मारायला सांगितले तर पाद्र्याच्या डोळ्यात घातलेस."

सगळे हसले. झुलेमाही हसली आणि हसता हसता हातातली यादी तिनं जराशी तिरकी करून वाचली. चौदा नावं होती. आल्तामिरानो त्यात नव्हता.

तिनं यादी पुन्हा वरपासून वाचली. कारण पोरगा तिला चांगला माहीत होता. उंच, खांदे पाडून चालणारा, लायब्ररीत खिडकीजवळच्या टेबलाशी बसणारा. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, नोकरीवर आल्यासारखा. येर्बाच्या कडू चहाचा थर्मास घेऊन यायचा आणि पहिला घोट तिला द्यायचा. "मावशी, आज कोण कोण रडलं?" असं परीक्षेच्या दिवसात विचारायचा. स्वतः मात्र कुठल्याच यादीत नसायचा. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं असं मुळीच नाही. तीन वर्षं लक्षात येत होतं. आपल्याला काय करायचंय, असं म्हणून ती गप्प बसली होती.

"उन्हात उभे राहू नका," ती म्हणाली. "समोरच्या बारमध्ये पंखा आहे. आज मास्तर सावकाश घेतायत."

सगळे वळले. मिर्ता तेवढी मागे राहिली. ती मघाशी हसली नव्हती, हे झुलेमाला आता जाणवलं. "बाई," मिर्ता म्हणाली, "तो आत आहे ना?"

"आहे," झुलेमा म्हणाली.

यादी तिनं दुसऱ्या शिपायाच्या हातात कोंबली आणि ती पोराला शोधायला निघाली. लायब्ररी परीक्षेसाठी बंद होती. कॅन्टीनमध्ये तो नव्हता. मुलांच्या संडासात शिरून तिनं एकेक दार ढकललं. एक पोरगा किंचाळला, त्याला तिनं "गप रे" म्हटलं. दुसरा मजला झाला. तिचे गुडघे दुखत होते. आपण अकरा वर्षांनी तेच पुन्हा करतोय, फक्त या वेळी तोंड न उघडता, एवढं एकच तिच्या डोक्यात फिरत होतं.

तिसऱ्या मजल्यावर जुना ड्रॉइंग हॉल आहे. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं म्हणून तिकडे कोणी फिरकत नाही. उलिसेस तिथे खिडकीखाली जमिनीवर बसला होता. अंगात कॉलर फाटलेला टी-शर्ट आणि रंगाचे डाग पडलेली पँट. शेवटच्या परीक्षेला पोरं असेच टाकाऊ कपडे घालून येतात, अंड्यापिठानं खराब व्हायचे म्हणून. त्यानं तेवढीसुद्धा तयारी केली होती. ते कपडे बघून झुलेमाला भडभडून आलं.

ती त्याच्या शेजारी खाली बसली. बसायला तिला वेळ लागला.

"इथून दिसतात," तो म्हणाला. "बाबांनी नवा शर्ट शिवलाय."

"उलिसेस, मी तुला सरळ विचारते. मरायचा विचार आहे का तुझा?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. इतका वेळ धरून ठेवलेलं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावरून सुटल्यासारखं झालं. "हो."

"आज?"

"आजच. मार्चमध्येच ठरलं होतं. ते सारखं विचारायचे, कधी संपणार, कधी संपणार. म्हटलं, एक तारीख देऊन टाकावी. तारीख दिल्यावर घरात सगळे इतके खूश झाले, मावशी. आई फोनवर गाणं म्हणायला लागली. मग माझी सुटकाच नव्हती."

"किती विषय राहिलेत?"

"एकवीस. एकोणीस झालेत. सहा वर्षांत एकोणीस." तो हसला. "पहिल्यांदा गणितात आपटलो तेव्हा आईचं ऑपरेशन होतं. म्हटलं, आता नको सांगायला, पुढच्या खेपेला पास होऊ आणि मिटवून टाकू. मग पुढच्या खेपेलाही आपटलो. मग दर जुलैला, दर डिसेंबरला मी घरी मार्क सांगायला लागलो. सगळीकडे दहापैकी नऊ सांगितले तर संशय येईल, म्हणून मधूनच सहा सांगायचो. एकदा सहा सांगितले तर आई रडली. पुढच्या वेळी आठ दिले मी स्वतःला."

"आणि रोज लायब्ररीत काय करायचास रे?"

"पुस्तक उघडून बसायचो. खोलीवर बसलो असतो तर आळशी वाटलो असतो."

झुलेमानं त्याचं मनगट घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं पामेलाला फोन लावला. शुक्रवार होता, तिचा वार नव्हता. ती दुसऱ्या कॉलेजात शिकवत होती. "त्याला एक मिनिट एकटं सोडू नका," पामेला म्हणाली. "मी निघतेय, मला चाळीस मिनिटं लागतील. घरच्यांपैकी ज्याची त्याला सगळ्यात कमी भीती वाटते त्याला वर बोलवा. मग आपण त्याला हॉस्पिटलात नेऊ."

"घरच्यांपैकी कोणाला बोलवू?" झुलेमानं उलिसेसला विचारलं.

"कोणालाच नको."

"ते चालणार नाही. नाव सांग."

तो म्हणाला, "आईला. पण बाबांना कळता कामा नये."

झुलेमानं खालच्या शिपायाला फोन करून बोलावणं धाडलं, तशी मिर्ता वर आली ती धापा टाकत. हातात पिठाची पिशवी तशीच होती, खाली ठेवायचं सुचलं नव्हतं. तिनं मुलाला बघितलं, झुलेमाला बघितलं आणि काही सांगायच्या आतच म्हणाली, "मला माहीत होतं."

उलिसेस भिंतीला टेकून उभा राहिला. "काय माहीत होतं?"

"की तू पास होत नाहीस. दोन वर्षं माहीत होतं मला. ऑगस्टमध्ये मी इथे फोन केला होता, उली. एका बाईनं उचलला. ती म्हणाली, आम्ही कोणाच्या घरच्यांना माहिती देत नाही, तुमच्या मुलालाच विचारा. मला कसं विचारायचं ते कळेना."

झुलेमानं मान खाली घातली. ऑगस्टमध्ये खिडकीवरचा फोन दुसरं कोण उचलणार? असे फोन तिला महिन्याला वीस यायचे. तिचा तो नियम होता आणि तो पाळल्याचं तिला समाधान वाटायचं. आता त्या समाधानाची तिला शिसारी आली.

"माहीत होतं आणि अंडी घेऊन आलीस?" उलिसेस म्हणाला.

"तुझ्या बाबांनी विकत घेतली. मी काय म्हणणार होते? घेऊ नका म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं ना त्यांनी."

"नऊ तास गाडीत बसलीस."

"वाटलं, कदाचित तू खरंच करशील काहीतरी. मला काय कळतं त्यातलं."

मग तो रडायला लागला. मिर्तानं त्याला जवळ घेतलं आणि पिठाची पिशवी दोघांच्या मध्ये चेपून फुटली. दोघं पांढरेफटक झाले. झुलेमाला तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण ती दाराशी उभी राहिली, कारण पामेलानं तसं सांगितलं होतं.

ओस्वाल्दोला पामेलानं फुटपाथवर सांगितलं. मिर्ता वर मुलाजवळ थांबली होती आणि झुलेमा दारातून बघत होती. बाई बोलत होती आणि तो मान हलवत होता, कोणीतरी मशीनमधला बिघाड समजावून सांगावा आणि त्यानं ऐकावं तसा. त्यानं आवाज चढवला नाही. मुलगा कुठे आहे, असंही त्यानं आधी विचारलं नाही. तो चादरीकडे गेला, एका भावाला दुसरं टोक धरायला लावलं आणि दोघांनी मिळून तिची घडी घातली. "नीट घाल," तो म्हणत होता. "लाल रंग अजून ओला आहे."

हॉस्पिटलनं उलिसेसला दोन दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी बापानं कागदावर सही केली आणि त्याला घरी नेलं. पामेलानं औषधं लिहून दिली, पोसो केब्राचोला दर गुरुवारी येणाऱ्या डॉक्टरचं नाव दिलं, आणि घरात त्याला एकटं ठेवू नका असं तीनदा बजावलं. ओस्वाल्दो प्रत्येक वेळी "बरं" म्हणाला.

पुढे तीन महिने झुलेमा रोज त्याची आठवण काढत होती आणि रोज फोन करायचं टाळत होती. काय ऐकायला मिळेल याची तिला धास्ती होती. मार्चमध्ये कॉलेजचं नवं वर्ष सुरू झालं. एका गुरुवारी दुपारी खिडकीसमोर रोसीओ उभी राहिली. भावाच्या भाड्याच्या खोलीतलं सामान न्यायला ती काकाबरोबर आली होती.

"कसा आहे तो?" झुलेमानं विचारलं.

"इंजिनिअर आहे," रोसीओ म्हणाली.

"म्हणजे?"

"बाबांनी परत गेल्यावर ती चादर फाटकावर लावली. मग साठ माणसांना जेवायला बोलावलं, दोन बकरी भाजली. सगळ्यांना सांगितलं, पोरगा पास झाला, दक्षिणेकडे तेलकंपनीत नोकरी लागलीय, एप्रिलमध्ये जाणार. उलीला त्या दिवशी टेबलाशी बसवलं. लोक त्याला मिठ्या मारत होते आणि तो थँक्यू म्हणत होता."

"आणि एप्रिलमध्ये काय करणार?"

"मी विचारलं. बाबा म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू." रोसीओ खिडकीच्या फळीवरचा रंग नखानं खरवडत होती. "तोपर्यंत तो मागच्या खोलीत असतो. बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. बोलतात ते फक्त पाहुणे आले की, साहेब इकडे या, साहेब हे सांगा."

"आणि गुरुवारचा डॉक्टर?"

"त्याचा दवाखाना सहकारीच्या ऑफिसला लागून आहे. बाबा म्हणाले, तिथल्या बाकावर बसलेला कोणी बघितला तर?"

झुलेमानं हातातला शिक्का टेबलावर आपटला. सहा वर्षं पोरानं एकट्यानं जे ओझं वाहिलं ते आता अख्ख्या घरानं उचलून पुन्हा त्याच्याच छातीवर ठेवलं होतं, वर बकरी भाजून.

"पण आता बरा वाटतो, मावशी," रोसीओ म्हणाली. "गेला आठवडाभर अगदी शांत झालाय. जेवतो. आईला म्हणाला, तू काळजी करू नकोस. त्याचा तो महागडा कॅल्क्युलेटर मला दिला, घड्याळ काकाला दिलं. आई म्हणते, देवानं ऐकलं. मला मात्र भीती वाटते. का ते मला सांगता येत नाही."

झुलेमाला सांगता येत होतं. पामेलाच्या त्या तासाभरात हेही होतं: खूप दिवसांनी माणूस एकाएकी शांत झाला, आपल्या वस्तू वाटायला लागला, तर धावा. ती उठली आणि जिन्याखालच्या खोलीकडे जवळजवळ पळतच गेली. दार उघडं होतं. आत झेरॉक्सचं मशीन होतं आणि त्याच्याशी झटणारा एक माणूस. पामेलाबाईंचा करार डिसेंबरात संपला, त्यानं सांगितलं, नवा अजून झालेला नाही. भिंतीवर पोस्टर तसंच होतं. पोस्टरवरच्या मुलीला कोणीतरी मिशा काढल्या होत्या. पामेलाचा मोबाइल लावला तर तो बंद लागला.

झुलेमा खिडकीवर परत आली. समोर नव्या पोरांची रांग लागली होती, कोणाला फॉर्म हवा होता, कोणाला शिक्का. तिनं काच ओढून घेतली, रोसीओकडून घरचा नंबर घेतला आणि फोन फिरवला.

"इंजिनिअर आल्तामिरानोंचं घर," पलीकडून ओस्वाल्दो म्हणाला. मागे हसण्याबोलण्याचा आवाज होता.

"मी झुलेमा बोलतेय. कॉलेजातली."

"हां, बोला ना," तो मोठ्यानं म्हणाला, आणि मग बाजूला कोणाला तरी, "कॉलेजातून फोन आहे." नंतर त्याचा आवाज एकदम खाली गेला. "बाई, सहकारीतली मंडळी बसलीत. नंतर करा."

"नंतर नाही. उलिसेसला द्या."

"झोपलाय तो."

"उठवा. मी फोन धरून बसते. तुम्ही कापलात तर मी सहकारीच्या ऑफिसात फोन लावीन आणि जो उचलेल त्याला सगळं सांगेन."

तेहेतीस वर्षांत तिनं कोणाला असं धमकावलं नव्हतं. फोन टेबलावर आपटल्याचा आवाज झाला. कोणीतरी कापसाच्या भावाबद्दल बोलत होतं. मग पावलं ऐकू आली.

"मावशी," उलिसेस म्हणाला. आवाज खरंच शांत होता.

"मरायचा विचार अजून आहे?"

"हो," तो अगदी हळू म्हणाला.

"कधीचं ठरलंय?"

"रविवारी. सगळे चर्चला जातात."

झुलेमानं टेबलाची कड धरली. "बाबा कुठे आहेत?"

"इथेच, शेजारी उभे आहेत. बाकीचे टेबलाशी आहेत."

"मग आत्ता मला सांगितलंस ते मोठ्यानं सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"नाही जमणार, मावशी."

"सहा वर्षं खोटं बोलायला जमलं तुला. हे तर एकच वाक्य आहे. मी कुठेही जात नाही, इथेच आहे. बोल."

झुलेमाच्या काचेवर बाहेरून कोणीतरी टकटक करत होतं. रोसीओनं वळून त्याला काहीतरी म्हटलं आणि टकटक थांबली.

"मी इंजिनिअर नाही," उलिसेस म्हणाला. त्याचा आवाज फाटला, पण मोठा होता. "माझे एकोणीसच विषय झालेत. कसलीही नोकरी लागलेली नाही. आणि मला जगायचं नाहीये. रविवारी तुम्ही सगळे गेल्यावर मी मरणार होतो."

पलीकडचं कापसाच्या भावाचं बोलणं थांबलं. खुर्ची मागे सरकली. मिर्ताचा आवाज आला, बोलण्याचा नव्हे, नुसताच आवाज. आता फोन बंद होणार, असं झुलेमाला वाटलं. तसा झाला असता तर पुढे काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

"बाई," ओस्वाल्दो म्हणाला. या वेळी त्यानं आवाज खाली केला नव्हता. "बाई, आता मी काय करू?"

"गाडीची किल्ली घ्या आणि त्याला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या. आज गुरुवार आहे. पण त्याच्या आधी त्याचा हात धरा आणि सोडू नका."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग पुन्हा उचलल्याचा.

"धरू देत नाही तो," ओस्वाल्दो म्हणाला.

"तरी धरा," झुलेमा म्हणाली.